सरकार औषधोपचार सामान्य माणसाला परवडतील असे कसे ठेवते?

तुम्ही विचारलंय सगळ्याच सरकारांबद्दल. पण माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे, तेव्हा काउंटरच्या अलीकडून जे दिसतं तेवढंच सांगतो.

आपल्याकडे सरकार काही औषधांचे भाव बांधून देतं. अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय सूची असते. तिच्यात नाव आलं की २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे कमाल किंमत ठरते. ती कशी, तर बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि वर आमच्या नफ्याचे १६ टक्के धरायचे. गोळी बनवायला खर्च किती येतो, हे यात कोणी विचारतच नाही. आधीच्या, १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च धरायचे. मला तेच बरं वाटायचं.

तरी भाव बांधल्याचा उपयोग होतो. २०१६ साली काकांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा नुसत्या स्टेंटचे, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीचे, ९५ हजार लावले होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली. पुढच्या वर्षी शेजाऱ्यांचं बिल हातात आलं. स्टेंट उतरला होता, पण त्याच ऑपरेशनला लागणाऱ्या बलून आणि कॅथेटरच्या (नळीच्या) ओळी चांगल्याच फुगल्या होत्या. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून येतं, ते असं.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर राज्य सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झाली तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचं कवच होतं, आता ५ लाखांचं आहे. योजनेतल्या दवाखान्यात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, गाठा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

पण बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या या योजनेत बसत नाहीत, आणि घर पोखरतात त्याच. आमच्याकडे एक आजी येतात, म्हणतात, "अर्धीच पट्टी दे रे बाबा, राहिलेल्या बाजाराच्या दिवशी नेते." त्यांच्या चिठ्ठीवर दोन औषधं एकत्र असलेली गोळी असते. सुटी घेतली तर दोन्ही औषधं सूचीत आहेत. एकत्र गोळी सूचीत नाही, मग सूचीतली कमाल किंमत तिला लागत नाही. आणि लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरा स्वस्त ब्रँड मी माझ्या मनाने देऊ शकत नाही, कायद्याने मनाई आहे.

सरकारची जनऔषधी योजना २००८ पासूनची. तिच्या केंद्रांत जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने विकली जाणारी, स्वस्त औषधं मिळतात. गावात केंद्र उघडलं तेव्हा मी आठवडाभर धुसफुसत होतो. आता कायमच्या गोळ्या असणाऱ्यांना मीच तिकडे पाठवतो. सगळ्यांना नाही, खोटं कशाला बोलू? पण चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव नसेल तर तिथेही अडतं. डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. तेव्हा तपासून झालं की उठण्याआधी डॉक्टरांना म्हणा, "कंपनीचं नको, औषधाचं नाव लिहून द्या." आजींच्या डॉक्टरांनी दिलं लिहून. आता त्या माझ्याकडे फक्त खोकल्याचं औषध न्यायला येतात.