पौराणिक प्रेमकथेत दरबारातलं राजकारण उपरं वाटू नये म्हणून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या मातीवर उभं केलेलं एक कल्पित राज्य, १९ वर्षांची राजकन्या आर्या, शापानं पृथ्वीवर आलेला गंधर्व मणिधर. ९ प्रकरणं लिहून झाली. वाचणाऱ्यांना प्रेम आवडतंय, पण दरबारातलं कारस्थान मध्येच घुसवल्यासारखं वाटतंय. आणि दुसरं, सिद्धेश्वरांच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्यामागची कथा वापरावी का?

नऊही प्रकरणं वाचली. प्रेमाचे प्रसंग बागेत घडतात, कारस्थानाचे सभागृहात, आणि बागेतून सभागृहात जाणारी वाटच तुम्ही ठेवलेली नाही. प्रधान वीरभद्राला मणिधराशी काही घेणं नाही, मणिधराला सिंहासनाशी काही घेणं नाही. मग कितीही विषप्रयोग घाला, ते वरून चिकटवलेलंच दिसणार.

आपल्या जुन्या कथांमध्ये प्रेम आणि सत्ता यांना बांधणारी गाठ एकच असते: दिलेला शब्द. शंतनू सत्यवतीच्या प्रेमात पडतो. तिचा बाप अट घालतो की माझ्या नातवालाच गादी मिळाली पाहिजे. देवव्रत प्रतिज्ञा करतो, आणि पुढच्या दोन पिढ्यांचं राजकारण त्या एका वाक्यातून निघतं. महाभारतकारांना तिथं वेगळा खलनायक आणावा लागत नाही. आपल्या सोलापूरचा इतिहासही याच जातीचा आहे. १५२३-२४ च्या सुमारास अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं लग्न विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झालं. सोलापूरचा किल्ला हुंड्यात द्यायचा ठरलं होतं, तो दिला गेला नाही, आणि त्यावरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षं लढत राहिली. पुढे अहमदनगरच्या चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हाच किल्ला तिच्याबरोबर हुंड्यात गेला. म्हणजे एका भुईकोटाच्या तटबंदीत दोन लग्नं आणि कितीतरी लढाया आहेत. तुमच्या कथेला याहून चांगला साचा बाहेरून आणावा लागणार नाही. पात्रं ती घेऊ नका, रचना घ्या.

आता शाप. तिसऱ्या प्रकरणात तो ६ ओळींचा आहे आणि त्याला ३ अपवाद आहेत. तो कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून पुढे त्याचा धाकही वाटत नाही. शाप एका वाक्यात, १२ ते १५ शब्दांत बसवा. परंपरेचा नियम पाळा: शाप मागे घेता येत नाही, फक्त उःशाप मिळतो. आणि वाक्य असं हवं की प्रेम करणारा त्याचा एक अर्थ काढेल आणि सत्ता हवी असणारा दुसरा. नमुना म्हणून:

‘ज्याच्यासाठी तुझा पहिला घाम गळेल, त्याच्या शब्दाबाहेर तुला पाऊल टाकता येणार नाही.’

यात घाम का, ते सांगतो. नल-दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचं रूप घेऊन बसतात. दमयंती खरा नल ओळखते ती खुणांवरून. देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, अंगाला धूळ लागत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नलाची सावली पडते, माळ सुकलेली असते, अंगावर धूळ आणि घाम असतो. खुणा देवांच्या आहेत, पण गंधर्वाला लावायला हरकत नाही, वाचक ते सहज मान्य करतो.

आणि या खुणा सोलापुरात आणून ठेवल्या की काय होतं बघा. वैशाखातली दुपार, पारा ४० च्या वर. तटावरचे पहारेकरी मुंडाशाच्या शेवानं मान पुसताहेत. आर्याच्या हातातला मोगरा तासाभरात तपकिरी पडलाय. मणिधराच्या गळ्यात सकाळची माळ आहे आणि तिच्यातल्या कळ्या अजून मिटलेल्याच आहेत. ती माळ आर्या बघते. त्याच क्षणी खालच्या पायरीवरून प्रधान त्याच्या तळव्यांकडे बघतो: काळ्या मातीतून चालत आलेला माणूस, आणि टाचेला कणभर धूळ नाही. एकच प्रसंग, दोन नजरा, आणि दोघांनाही गुपित अर्धंअर्धंच कळलेलं. इथून पुढे प्रधानाचा डाव आपोआप ठरतो. मणिधराचा पहिला घाम आपल्या कामासाठी गळला पाहिजे, म्हणजे गंधर्व कायमचा आपल्या शब्दात. तो त्याला खंदकातला गाळ उपसायला लावेल, आखाड्यात उतरवेल, भीती घालेल. आर्याला यातलं काही ठाऊक नाही, ती त्याला सावलीत बसवून पाणी देते. प्रेम आणि कारस्थान एकाच थेंबासाठी झगडताहेत, आता वेगळी वाट बांधायची गरज उरली नाही.

खुणा एकदम मोडू नका. ३४ प्रकरणांचा आराखडा धरला तर सावली ६ व्या प्रकरणात पडू द्या (ती कुणाच्या लक्षातही येऊ नये), धूळ ११ व्यात, माळ १७ व्यात, पापणी २२ व्यात आणि घाम २७ व्यात. घाम त्याआधी आला तर पुढचं सगळं ढिलं पडतं.

दरबाराच्या डावपेचांसाठी कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा, पहिलं अधिकरण (भाग) पुरेसं आहे. अमात्य, म्हणजे मंत्री, पारखायच्या चार परीक्षा तिथं आहेत: धर्मोपधा, अर्थोपधा, भयोपधा आणि कामोपधा, म्हणजे धर्म, धन, भय आणि काम यांच्या. कामोपधेत अंतःपुरात मान मिळवलेली एक परिव्राजिका (फिरती संन्यासिनी) अमात्याकडे जाऊन सांगते, राणीचं मन तुमच्यावर बसलंय, भेटीची सोय केलीय, धनही मिळेल. जो नाकारतो तो शुद्ध ठरतो, आणि त्याला राजाच्या आतल्या-बाहेरच्या विहारस्थानांच्या रक्षणावर नेमतात. तुमच्या प्रेमकथेला हे आयतं आहे. परिव्राजिका आर्याचा खरा निरोप घेऊन मणिधराकडे येते. तो परीक्षा समजून नाकारतो, आणि नाकारल्याबद्दल त्याची नेमणूक आर्याच्याच उद्यानाच्या पहाऱ्यावर होते. आता ती दुखावलेली, तो दहा पावलांवर उभा, आणि दोघांनी बोलायचं नाही. कौटिल्याचं स्वतःचं मत असं, की या परीक्षांसाठी राजानं स्वतःला किंवा राणीला आमिष करू नये, ते चांगल्या पाण्यात विष कालवण्यासारखं आहे. तुमचा प्रधान नेमका हा नियम मोडणारा दाखवा. त्याचं पाप वेगळं सांगावं लागणार नाही.

विषाच्या प्रसंगात तुम्ही दूध निळं पडताना दाखवलंय, ते काढा. त्याच अधिकरणात राजवाड्यात पाळायच्या पक्ष्यांची यादी आहे. सापाच्या विषाची शंका आली की पोपट आणि सारिका (मैना) ओरडतात, विषाजवळ क्रौंच बेभान होतो, कोकीळ मरतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग बदलतो. अन्न आगीत टाकलं आणि त्यात विष असलं तर ज्वाळा आणि धूर निळसर होतो, तडतड आवाज येतो. आर्याचा पाळलेला चकोर दुसऱ्या प्रकरणातच दाखवून ठेवा, आणि मग विसाव्यात फक्त त्याचे डोळे दाखवा. एक वाक्य बास.

कारस्थान फसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: कुणाला काय कधी कळलं, याचा हिशोब लेखकाकडे नसतो. तुमच्याच ७ व्या प्रकरणात सेनापती ज्या पत्राबद्दल बोलतो, ते त्याला ८ व्यात मिळतं. कागदावर चार रकाने आखा: पात्र, त्याला काय हवंय, काय माहीत आहे, काय लपवतोय. प्रत्येक प्रकरण संपलं की तिसरा रकाना तारखेसारखा पुढे सरकवा. दरबारातली बोलणारी पात्रं सहाच ठेवा. वीरसेन, वीरभद्र, विक्रांत आणि विजया हे चौघं एका दरबारात नकोत, वाचक ‘व’ बघतो आणि पुढे सरकतो. पहिलं अक्षर प्रत्येकाचं वेगळं घ्या.

संवादांत ‘हे प्रिये’, ‘प्राणनाथ’ नको. ही दोघं दरबारी माणसं आहेत, ती एकमेकांना तुम्हीच म्हणणार. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं हा मराठी प्रेमकथेतला सगळ्यात मोठा प्रसंग आहे, तो तुम्ही चौथ्या प्रकरणात नकळत खर्च करून टाकलाय. विसाव्यापर्यंत थांबा, आणि पहिला ‘तू’ आर्याच्या तोंडून, रागात येऊ द्या. माळीण, मोतद्दार, कोष्टी यांना मात्र सोलापुरी बोलू द्या. ‘काय करलालास बे?’ एवढ्यानं गाव उभं राहतं. कानडी आणि तेलुगू शब्दही त्यांच्या तोंडी शोभतील, ते या गावचेच आहेत.

निसर्गाच्या बाबतीत एकच सूचना. हंस, देवदार, धुकं काढून टाका. माळरान, काळवीट, नान्नजचा माळढोक, पौषातला ज्वारीचा हुरडा घ्या. गवतातून मान वर काढणारा माळढोक आर्याला दिसला, तर राजहंसाची आठवणही होणार नाही.

अक्षता सोहळ्याबद्दल. कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी, म्हणजेच सिद्धेश्वरांशी, लग्नाची इच्छा धरली, त्यांनी नकार दिला पण आपल्या योगदंडाशी विवाह करायची संमती दिली, ही लोककथा. तिच्या स्मरणार्थ दर वर्षी संक्रांतीच्या यात्रेत तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज पेलतात, आणि दुसऱ्या दिवशी होम होतो. सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शरण (शिवभक्त संत), कन्नड वचनं रचणारे वचनकार आणि लाखोंचं दैवत. त्यांना किंवा त्या कन्येला प्रेमकथेतलं पात्र करू नका, नाव बदलूनही नको, सोलापूरचा वाचक दोन ओळींत ओळखेल आणि त्याला लागेल. युक्तीचा आकार मात्र घेता येतो: माणूस नाकारतो, पण त्याच्या जागी त्याची वस्तू स्वीकारायला संमती देतो. प्रधानाच्या शब्दात अडकलेला मणिधर आर्याला वरू शकत नाही, पण त्याच्या वीणेला ती वरू शकते, कारण शापात वीणेचं नाव नाही. उःशापाची फट तिथं आहे.

लांबी ७० ते ७५ हजार शब्द धरा, प्रकरण साधारण २,१०० चं. दहावं प्रकरण लगेच लिहू नका. आधी तिसऱ्यातला शाप एका वाक्यावर आणा, चौथ्यातला ‘तू’ काढा, आणि पाचव्यात बागेतला प्रसंग तटाच्या पायऱ्यांवर हलवून प्रधानाला तिथं उभं करा. ही तीन प्रकरणं झाली की इथं टाका, शापाच्या वाक्यावर शब्द न् शब्द बघू.