इब्री पत्रातल्या विसाव्यासाठी ‘प्रयत्न’ कसला करायचा?

तुम्ही विचारलंय की बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय देवाच्या विसाव्याविषयी बोलतो आणि त्यात जाण्यासाठी प्रयत्न करा असंही सांगतो; मग उपास, प्रार्थना, चर्च सगळं नेमाने करूनही तुमचं मन स्वस्थ का नाही, अजून काय करायचं राहिलंय?

मला वाटतं, याचं उत्तर जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाच्या 13 आणि 14 या अध्यायांत आहे. पत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तीच हकिकत आहे. मोशेने पाठवलेले इस्राएल लोकांचे बारा हेर, देवाने त्यांना देऊ केलेल्या कनान देशात 40 दिवस फिरले, द्राक्षांचा घड दांडीला लावून खांद्यावरून घेऊन आले. पण दहा जण म्हणाले, तिथले लोक आपल्याहून बलाढ्य आहेत. परमेश्वर आपल्याबरोबर आहे, घाबरू नका, असं सांगणारे कालेब आणि यहोशवा दोघेच. लोकांनी दहांचं ऐकलं आणि ती पिढी रानातच संपली. म्हणूनच इब्री 3:18 त्यांना आज्ञा मोडणारे म्हणतं, आणि लगेच 3:19 सांगतं की त्यांना अविश्वासामुळे त्या विसाव्यात जाता आलं नाही. विश्वास एकीकडे आणि आज्ञापालन दुसरीकडे, अशी वाटणी तिथे नाहीच.

पुढचा भाग प्रवचनांत क्वचितच ऐकू येतो, तुमच्यासाठी मात्र तोच मोलाचा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक उठले आणि ‘आमचं चुकलं, आता जातो’ म्हणत डोंगर चढू लागले. परमेश्वर तुमच्याबरोबर नाही, जाऊ नका, असं मोशेने बजावलं. तो आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पेटी, छावणीतच राहिले. तरी लोक गेले, आणि अमालेकी व कनानी लोकांनी त्यांना हर्मा नावाच्या ठिकाणापर्यंत पिटाळलं. आदल्या दिवशी ते भीतीने बसून राहिले, दुसऱ्या दिवशी धास्तीने धावले; देवाच्या शब्दावर भिस्त दोन्ही वेळा नव्हती. एक उपास झाला की दुसरा धरावासा वाटतो, तेव्हा आपण कुणाच्या शब्दावर चढतोय, एवढं स्वतःला विचारा.

याचा अर्थ सगळं सोडून बसा असा नाही. मत्तय 11 मध्ये येशू थकल्याभागल्यांना विसावा देईन म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात माझं जू घ्या म्हणतो. नवे नेम लावण्याआधी, त्याने स्पष्ट सांगितलेलं आणि तुम्ही टाळत आलेलं काही असेल तर ते करा: कुणाला क्षमा करणं, कुणाचं देणं फेडणं. तेही त्याने तुम्हाला स्वीकारावं म्हणून नव्हे, त्याने स्वीकारलंय म्हणून.

वर्षानुवर्षं चर्चला जाऊनही असं होतं याची लाज बाळगू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडायला पुढे कित्येक वर्षं गेली, असं त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय.

गणनेतले ते दोन अध्याय वाचून मग इब्री 3:7 पासून सलग वाचा. 4:13 ला थांबू नका. तिथे देवाच्या नजरेपुढे सगळं उघडं पडतं आणि धडकी भरते. त्याच्या पुढेच आपल्या दुर्बलतेची कणव असलेला प्रमुख याजक आहे, आणि धैर्याने जवळ या असं बोलावणं आहे.