बारा ते चारचा वॉच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. पॅसिफिक ओलांडताना एकच मंगळवार दोनदा आला, आणि त्या जादाच्या मंगळवारी रात्री बारा ते चारच्या वॉचला, म्हणजे पहाऱ्याच्या पाळीला, बोटीच्या ब्रिजवर (सुकाणूच्या खोलीत) उभा असताना तुला प्रश्न पडला, की हा दिवस आयुष्यात धरायचा की नाही. तिथून वेळ म्हणजे नेमकं काय, आपल्याला जाणवतं ते आत कुणाला जाणवतं, आणि हे सगळं कशासाठी, अशी लडच लावलीस. शेवटी ‘बाई, आता तुम्हीच सांगा’ असं लिहून मोकळा झालास. नववीतही तू असाच होतास, बेल व्हायला पाच मिनिटं असताना हात वर करायचास.

मी भूगोल आणि विज्ञान शिकवलं, अध्यात्म नाही. प्रवचनं हवी असतील तर फोनवर पोत्याने मिळतात. मी आपलं मला ठाऊक आहे तेवढ्यावरून लिहिते.

आधी तो मंगळवार निकालात काढू. तो तुझाच होता. पूर्वेकडे जाताना घड्याळ तासातासाने पुढे करत आलात, म्हणजे प्रत्येक वेळी दिवसातून एक तास कापला गेला. पूर्ण पृथ्वीप्रदक्षिणेत असे २४ तास कापले जातात आणि पॅसिफिकमधल्या तारीखरेषेवर, जिथे कॅलेंडरचा वार बदलतो, ते एकरकमी परत मिळतात. उलट्या दिशेने येशील तेव्हा एक अख्खा वार गायब होईल, तेव्हा रडू नकोस.

हे फक्त बोटीवरच होतं असंही समजू नकोस. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, १९०६ पासून चालू आहे. रत्नागिरी आहे ७३.३ अंशावर. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी बारा वाजून सदतीस मिनिटांनी. अंगणातल्या तुळशीची सावली आखूड होते तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाने बारा केव्हाच वाजवलेले असतात. मुंबईवाल्यांनी तर हट्टाने आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालवली, म्हणजे स्टेशनवर एक आणि गावात दुसरी.

खालच्या वाडीतले तांडेलकाका यातलं काही मोजत नाहीत. त्यांचं गणित तुला पाठ असेल, तिथीची पाऊणपट की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, पण होडी खाडीबाहेर काढायला तेवढं पुरतं. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, तिथी दिवसाहून किंचित लहान, म्हणून हा पाऊण तास. वर्गात मी हे फळ्यावर मांडून दाखवायचे तेव्हा तांडेलांची मुलं मागच्या बाकावर हसायची. बाईंना हे आता कळलं!

आणि तुझ्या डोक्यावर, वीस हजार किलोमीटरवर, जी.पी.एस.चे उपग्रह फिरतात. त्यांच्यातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे थोडी मागे पडतात, पण तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याहून जास्त पुढे धावतात. आइन्स्टाइनने १९०५ आणि १९१५ मध्ये कागदावर मांडलेलं हे गणित यंत्रात घातलं नाही, तर एका दिवसात तुझी जागा दहाएक किलोमीटरने चुकेल. म्हणजे वर आणि खाली वेळ खरोखरच वेगवेगळ्या चालीने चालते. ही कविकल्पना नव्हे, तू रोज तिच्यावर विसंबून बोट हाकतोस.

आता सगळ्यात मजेची गोष्ट. ज्या दिवसाला आपण मापाचा मूळ धोंडा समजतो, तोही पक्का नाही. भरती-ओहोटीचं पाणी समुद्रतळाशी घासत पृथ्वीला जरा जरा आवरतं, त्यामुळे दिवस शंभर वर्षांत एक-दोन मिलिसेकंदाने लांबतो आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब सरकतो. चांद्रवीरांनी १९६९ पासून तिकडे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलेलं आहे. म्हणजे आपल्या पुळणीवर आदळणारं पाणी दिवसाची लांबी बदलण्यात वाटेकरी आहे. मला निवृत्तीनंतरही हे आठवलं की हसू येतं.

तेव्हा वेळ म्हणजे काय याचं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापासून दूर राहा. एवढं मात्र दिसतं, की घड्याळं हे माणसांनी आपापसात केलेले करार आहेत, आणि करार बरेच असतात. तू ज्याने कासावीस झालास तो करार कुठला, हे तुझ्या मेलच्या मधल्या परिच्छेदातच आहे. अमक्याचा पुण्यात फ्लॅट झाला, तमक्याला मुलगा झाला, मी एकतीसचा आणि अजून केबिनमध्ये. या घड्याळावर कुणी सही केली होती? तू तर नाहीस.

‘सहा महिने कसे गेले कळलं नाही, पण एकेक वॉच संपता संपत नव्हता’ असं तू लिहिलंस, त्यावर जरा थांबते. कारण तुझा खरा त्रास तिथे आहे असं मला वाटतं. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे १८९० मध्येच नोंदवून ठेवलं आहे. नाना अनुभवांनी भरलेला काळ जाताना भुर्रकन जातो आणि मागे वळून पाहिलं की लांबलचक वाटतो. रिकामा काळ जाताना रेंगाळतो आणि आठवताना चिमूटभर उरतो. अमेरिकेतच २००७ मध्ये काही संशोधकांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळ्यात मोकळं सोडलं. पडणाऱ्यांना आपलं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब वाटलं. पण मनगटावर बांधलेल्या यंत्रातले भराभर बदलणारे आकडे काही त्यांना पडताना जास्त बारकाईने वाचता आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी वेळ मंदावली नव्हती. भीतीने आठवणी दाट भरल्या, आणि दाट आठवण मागाहून लांब वाटते.

तुझ्या सहा महिन्यांत आठवण दाट झाली नाही, म्हणून ते हाती लागत नाहीत. वेळ कुणी चोरली नाही तुझी. बाहेर तोच काळोख, तोच रडार, तोच कॉफीचा मग. मन तिथे नव्हतंच, ते फ्लॅटच्या हप्त्यांत होतं. यावर उपाय करता येतो आणि तो फुकट आहे. दर वॉचनंतर लॉगबुकात जात नाही अशी एक ओळ वहीत लिही. हवामान नको, पोझिशन नको. दिसलेलं, ऐकलेलं काहीतरी, जे कालच्यासारखं नव्हतं. पंधरा दिवसांत तुला लिहायला सापडेनासं होईल, आणि मग तू पाहायला लागशील.

परवा अवसेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, संध्याकाळी पाचच्या सुमारास खाडीच्या तोंडाशी बायका कालवं काढायला उतरल्या होत्या. मी वरून बांधावर बसून पाहत होते. खडकाला चिकटलेल्या शिंपल्याच्या सांध्यात लोखंडाचं टोक बसवायचं, मनगटाला एक हिसका, वरची फाक उडते, आतला गर बोटाने उचलून पाण्याच्या डब्यात. चुकून फाकेचा तुकडा गरात गेला तर तो जिभेला लागेल, म्हणून प्रत्येक कालव डब्यात टाकण्याआधी अंगठा एकदा त्यावरून फिरतो. तोंडाने कुणाच्या तरी सुनेची उणीदुणी चालूच. समुद्राकडे कुणाचीच मान वळत नव्हती, पण पाणी फिरलं आणि पहिली ओल खडकाच्या बेचक्यात शिरली तशा सगळ्या एकाच वेळी एक खडक मागे सरकल्या. तुमची ध्यानाची अॅपं जे शिकवतात ते याहून वेगळं काय असतं, मला माहीत नाही. आणि यात सुनेच्या चहाड्याही बसतात.

आता ‘कुणाला जाणवतं’. मेंदूतल्या कुठल्या हालचाली कशाशी जोडलेल्या आहेत हे हल्ली बरंच सांगता येतं. पण त्यातून ‘मला दिसतंय’ हे कसं उगवतं, ते कुणाला पटेल असं अजून सांगता आलेलं नाही. तुझं उदाहरण घे. ब्रिजवर ती अलार्मची सोय आहे म्हणालास, तीन ते बारा मिनिटांत बटण दाबलं नाही तर ती बोंबलते आणि कॅप्टनला उठवते. यंत्राला काय कळतं? बटण दाबलं गेलं एवढंच. दाबणारा खिडकीबाहेर पाहत होता की आवडीचं भांडण मनात पुन्हा भांडत होता, हे त्याला कधीच कळणार नाही. ते तुझं तुलाच ठाऊक. जाणीव म्हणतात ती हीच, जगात एकाच जागेवरून दिसणारी गोष्ट.

शिवाय ‘आत्ता’ म्हणून जे दिसतं ते ताजं असतंच असं नाही. मावळता सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा सरळ रेषेत पाहिलं तर तो क्षितिजाखाली गेलेला असतो. हवा किरणांना वाकवून आपल्याला दाखवते, आणि तो उजेडही आठ मिनिटांपूर्वी निघालेला. तरीही त्या सूर्याकडे पाहून आपण दिवे लावतो, गुरं बांधतो, आणि काही बिघडत नाही. शिळ्या बातमीवर नीट वागता येणं हेच डोक्याचं काम आहे.

आपल्याकडे साक्षी म्हणतात. आतला एक जण नुसता पाहतो, कशाला शिवत नाही. थोरांनी सांगितलंय, मी कोण नाही म्हणणार? पण हल्ली साक्षीभाव म्हणजे हात झटकून बसायची सोय झाली आहे, ती मला मान्य नाही. टक्कर टाळायच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम तुला माझ्याहून जास्त पाठ आहे, प्रत्येक जहाजाने सदासर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी योग्य टेहळणी ठेवावी. टेहळ्याने पाहायचं ते कशासाठी? वेळेत सुकाणू वळवायला. नुसतं पाहून ‘बघा, मच्छीमारांच्या होड्या आल्या’ म्हणणाऱ्याला कुणी वॉचवर ठेवत नाही. आपल्याला जागेपण मिळालंय ते याच बोलीवर, असं माझं मत आहे. शास्त्र म्हणून घेऊ नकोस, बाईंचं मत म्हणून घे.

आणि म्हणूनच ‘मोठं ध्येय’ या प्रकाराची मला जरा धास्ती वाटते. ते कुठेतरी क्षितिजावर दीपस्तंभासारखं दिसलं पाहिजे आणि दिसत नाही तोवर आपलं जगणं रद्द, असं तुम्ही पोरं धरून चालता. दापोलीला शाळा शिकलेले पां. वा. काणे आठव. मुंबईला वकिली करता करता एका जुन्या संस्कृत ग्रंथाला प्रस्तावना म्हणून लिहायला घेतलं आणि ते आवरेना. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० ला आला, शेवटचा १९६२ ला, पानं साडेसहा हजारांच्या घरात. पुढच्या वर्षी भारतरत्न. त्यांना सुरुवातीला कुणी विचारलं असतं की जीवनाचं ध्येय काय, तर ते बहुधा म्हणाले असते की ही प्रस्तावना एकदा हातावेगळी होऊ दे. आणि आपल्या राजापूरच्या कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा, हत्ती? जवळजवळ १८ मीटर लांब, पोटात मासे न् प्राणी कोरलेला. कुणी कोरला, का कोरला, काही कळायला मार्ग नाही. कोरणाऱ्याचा हेतू काळाने केव्हाच पुसला. हत्ती तेवढा आहे.

तुझ्या रात्रीच्या वॉचला बोटीवर वीसेक माणसं झोपलेली असतात. कुणी फिलिपिनो, कुणी युक्रेनी, एक आपला गुहागरचा स्वयंपाकी. त्यातला एकही जण झोपताना तुझा विचार करत नाही, इतका त्यांचा विश्वास आहे. याच्यावरचं ध्येय शोधायचं तर खुशाल शोध, पण बारा ते चार सोडून शोध. पहाटे तीनला आयुष्याचा हिशेब मांडू नये. त्या वेळी सगळ्यांचाच तोट्यात निघतो.

तुला काहीतरी करायचंच आहे ना? मग एक काम सांगते. गावात आणि पंचक्रोशीत बोटीवर लावून देतो म्हणून पैसे उकळणारे एजंट पुन्हा फिरू लागले आहेत. गेल्या वर्षी एका घराने बाग गहाण टाकली, मुलगा तीन महिने परदेशात कुठल्याशा बंदरात पगाराविना अडकून परत आला. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो, आणि नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणं नियमात बसत नाही, एवढी साधी गोष्ट पोरांना ठाऊक नाही. मी सांगितलं तर ‘बाईंना काय कळतं’ म्हणतात, आणि त्यांचं चूक नाही. तू पांढरा शर्ट घालून उभा राहिलास तर ऐकतील. नुसतं भाषण नको. खरं आणि खोटं अशी दोन्ही करारपत्रं समोर ठेव, नावं झाकून, आणि फरक त्यांनाच काढू दे.

गणपतीला येणार असशील तर मी हेडमास्तरांशी बोलून ठेवते. अकरावी-बारावीची मुलं विसर्जनानंतरच भेटतील, तेव्हा रजा दीड दिवसाच्या हिशेबाने काढू नकोस, आठवडा तरी ठेव. आई बरी आहे, गुडघ्याचं तेल संपलंय म्हणाली, येताना चिपळूणहून घेऊन ये. उत्तर घाईने पाठवू नकोस, पण वहीची पहिली दहा पानं झाली की फोटो काढून धाड.

कळावे,
तुझ्या बाई