किट कारसाठी सुटे पार्ट जमवावेत की अख्खी जुनी गाडी घ्यावी?

अख्खी गाडी घ्या, आणि तीही चालू. (किट कार म्हणजे कंपनीकडून चासी-बॉडीचा संच घेऊन, त्यात जुन्या गाडीचं इंजिन वगैरे बसवून घरी जोडलेली गाडी.) भंगारातून एकेक पार्ट जमवला तर स्वस्त पडेल का, असं तुम्ही विचारलंय. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे मोठे पार्ट मिळून जातात हो. जीव जातो तो बारीक सामानात. हँडब्रेकची केबल, पेडल, स्टिअरिंग कॉलम, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) जुळणारं वायरिंग, नेमक्या लांबीचे बोल्ट. अख्ख्या गाडीत हे सगळं एकमेकांशी जुळलेलंच येतं.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि घरच्या गराजमध्ये माझदा एमएक्स-5 वरून किट कार बांधली आहे, म्हणून इथलंच सांगतो. इथे हा छंद जुना. लोटस सेव्हन 1957 मध्ये आली तेव्हा तयार गाडीवरचा पर्चेस टॅक्स किटला लागत नसे, म्हणून लोक सुटी गाडी घेऊन घरी जोडत. 1973 मध्ये त्या कराच्या जागी व्हॅट आला. पुढे फोर्डच्या एस्कॉर्ट आणि सिएरा डोनर म्हणून, म्हणजे पार्ट काढून घ्यायची जुनी गाडी म्हणून, खूप चालल्या. आता त्या सहज सापडत नाहीत, म्हणून एमएक्स-5. पहिल्या पिढीची ही गाडी सिलपाशी (दाराखालच्या पट्टीपाशी) आणि मागच्या चाकांच्या वर गंजते. बॉडी गेली की मालक ती मिळेल त्या किमतीला काढतो, आणि आपल्याला नेमकी बॉडीच नको असते!

घेतल्यावर लगेच पाना लावू नका. आधी चालवा. गिअर नीट पडतात का, क्लच घसरतो का, इंजिन तापतं का, डिफरन्शियल घुंई करतं का, सगळं लिहून ठेवा. नव्या चासीत बसवल्यावर आवाज आला तर तो जुना की आपल्या जोडणीतला, हे शोधण्यात शनिवार-रविवार वाया जातात.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. बॅटरी काढा, मग प्रत्येक कनेक्टर सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना एकच नंबर लावा आणि फोटो काढा, एक जवळून, एक लांबून. साधी कागदी टेप तेलाच्या हाताने सुटते; केबल टायवर अडकवलेला प्लास्टिकचा टॅग टिकतो. हार्नेस (वायरांचा अख्खा जुडगा) कापून छोटा करायचा मोह फार होतो. नव्या चासीत इंजिन सुरू होऊन दिवे, हॉर्न, वायपर चालेपर्यंत एकही वायर कापू नका. माझं याबाबतीत ठाम मत आहे.

ब्रेकचं तसंच. मूळ गाडी साधारण हजार किलोची, किट कार त्याहून कितीतरी हलकी. जुने ब्रेक जसेच्या तसे बसवले तरी पुढच्या-मागच्या चाकांवरचा तोल बदललेला असतो. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. होस, सील, पाइप नवेच घाला. इथे काटकसर नको.

रस्त्यावर आणण्याआधी इथे आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची सरकारी मंजुरी तपासणी असते. हात लागेल अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान 2.5 मिमी लागते, उघड्या नट-बोल्टवर टोप्या लागतात, वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हावं लागतं. अख्खा डोनर घेण्याचा फायदा इथेही आहे. किट उत्पादकाची नवी चासी आणि एकाच डोनरचे दोन मुख्य भाग असतील, तर डोनरच्या वयानुसार नोंदणी नंबर मिळतो. भागांचा उगम सिद्ध झाला नाही तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर गळ्यात पडतो आणि विकताना भाव पडतो. त्यामुळे डोनरचं लॉगबुक (नोंदणीचा कागद) आणि प्रत्येक पावती जपा.

तुम्ही भारतात असाल तर गोष्ट वेगळी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचना बदलू देत नाही, आणि नवीन वाहन म्हणून नोंदवायचं तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप (नमुना गाडी) मंजूर करून घ्यावा लागतो. तो खर्च कंपन्यांना झेपतो, एकट्या माणसाला नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. ती नियमात बसत नाही हे ओळखून आनंद महिंद्रांनी 2022 मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. इतकं कसब असलेल्या माणसाला स्वतःची गाडी स्वतः तपासून घेता यावी, असा परवडणारा मार्ग आपल्याकडे व्हायलाच हवा. तोवर तुम्ही बांधाल ती गाडी खाजगी जागेत किंवा ट्रॅकवरच चालवा, आणि ट्रॅकवाल्यांची रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा) व बेल्टची अट चासी ठरवण्याआधीच विचारून घ्या.