आरओ घ्यायच्या आधी पाणी मोज

थांब रे, लगेच आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणारं मशीन, बुक करू नकोस. आधी दोनतीनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, घे आणि नळाचं पाणी मोज. धरणाचं पाणी असेल, म्हणजे पुण्यात खडकवासल्याचं येतं तसं, तर आकडा सहसा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आतच येतो, मग आरओ कशाला, यूव्ही (अतिनील प्रकाशाने जंतू मारणारं) किंवा यूएफवालं (बारीक गाळणीने जंतू अडवणारं) साधं मशीन पुरतं. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ५०० आहे, बोअरचं किंवा टँकरचं पाणी त्याच्या वर गेलं की मग आरओचा विचार कर. आरओ एक लिटर देताना दोनतीन लिटर बाहेर टाकतं, ते बादलीत धर, फरशी पुसायला चालतं.

पण मीटरवर भरवसा ठेवून बसू नकोस हां, तो फक्त विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू नाही. आमच्याकडे एकदा पावसाळ्यात आकडा ९० आणि घरात सगळ्यांना जुलाब!

यूव्हीला पाणी नितळ लागतं, गढूळ पाण्यात प्रकाश आत पोचत नाही आणि जंतू तसेच राहतात, म्हणून आधी गाळ अडवणारा सेडिमेंट फिल्टर हवाच आणि तो काळा पडला की बदलायचा, सर्व्हिसवाल्याची वाट बघत बसायचं नाही. लाइट गेली तर सरळ उकळ, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेव. तुरटीने गाळ बसतो, पण जंतू मरतात असं समजू नको.

आणि माठात पेला बुडवू नका, ओगराळं घ्या किंवा तोटीचा माठ आणा, नाहीतर सगळी मेहनत तिथेच वाया.