ब्रास बँड स्पर्धा: भरवताना आणि वाजवताना आधीच ठरवून ठेवायच्या गोष्टी

आपला हौशी ब्रास बँड (पितळी फुंकवाद्यांचा ताफा) प्रथमच स्पर्धेत उतरू इच्छितो, आणि आसपासच्या इतर बँडांनाही सोयीचे व्हावे म्हणून ती स्पर्धा आपणच भरवावी असा विचार चालू आहे. एकाच बँडने दोन्ही करावे का, आणि करायचे झाल्यास सुरुवात कुठून करावी, असा आपला प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की दोन्ही करता येते, मात्र स्पर्धेतील वादाचे आणि फजितीचे जवळजवळ सर्व प्रसंग वाजवण्याच्या क्रमाच्या सोडतीपूर्वी ठरवायच्या गोष्टी सोडतीनंतर ठरवल्यामुळे ओढवतात. त्यामुळे नियमावली आधी लिहावी आणि सभागृह नंतर शोधावे. यजमान बँडने स्वतः वाजवायचे असेल, तर सोडत, परीक्षक आणि गुणपत्रके या तीन गोष्टींना त्या बँडच्या एकाही सदस्याचा हात लागणार नाही, हे त्या नियमावलीचे पहिले कलम असावे. या कामासाठी कोणत्याही बँडशी संबंध नसलेली एक शिस्तप्रिय व्यक्ती नियंत्रक म्हणून नेमावी. तिला संगीत कळलेच पाहिजे असे नाही, पण घड्याळ मात्र नीट कळले पाहिजे.

या स्पर्धांची परंपरा जुनी आहे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ साली झालेल्या स्पर्धेपासून आजची ब्रिटिश ओपन ही ब्रास बँड स्पर्धा सुरू झाली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १९०० साली ब्रिटनच्या राष्ट्रीय स्पर्धेला प्रारंभ झाला. आज आपण ज्या नियमांना रूढी समजतो, त्यांतील बरेचसे नियम तेव्हाच्या गिरणी आणि खाण कामगारांच्या बँडांमधील चुरशीतून आणि भांडणांतून तयार झाले आहेत. एखादा नियम जाचक वाटला तरी तो वगळण्यापूर्वी तो कशासाठी आला असेल याचा विचार करावा, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

पहिला मोठा निर्णय रचनेचा असतो. सर्व बँडांना एकच नेमलेली रचना द्यायची, की ज्याने त्याने आपल्या पसंतीची रचना वाजवायची? नेमलेल्या रचनेत तुलना स्वच्छ होते, कारण परीक्षकासमोर एकच स्कोअर (सर्व वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेली स्वरलिपी) असतो आणि अवघड जागा सर्वांना सारख्याच लागतात. उणीव इतकीच की प्रेक्षकांना तेच ते दिवसभर ऐकावे लागते, आणि एखाद्या बँडकडे त्या रचनेला हवा तसा एकलवादक नसेल तर तो बँड वाजवण्यापूर्वीच मागे पडतो. ऐच्छिक रचनेत प्रत्येक बँड आपले बलस्थान दाखवू शकतो, पण सोपी रचना निर्दोष वाजवणाऱ्याला वर ठेवायचे की अवघड रचना धाडसाने पेलणाऱ्याला, हा पेच परीक्षकाच्या गळ्यात पडतो. १९७८ साली सुरू झालेल्या युरोपीय स्पर्धेत नेमलेली आणि ऐच्छिक अशा दोन्ही रचना वेगवेगळ्या दिवशी वाजवून गुणांची बेरीज केली जाते. हा उत्तम तोडगा आहे, परंतु त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा नवख्या आयोजकाच्या आवाक्यातला नसतो.

पहिल्याच वर्षी माझा सल्ला ऐच्छिक रचनेचा आहे, पण कमाल आणि किमान वेळ बांधून. सर्व बँड साधारण एकाच पातळीचे असल्याची खात्री असेल तरच रचना नेमावी, आणि ती किमान चार महिने आधी, आवृत्तीच्या उल्लेखासह जाहीर करावी. एकाच रचनेच्या दोन आवृत्त्यांत खुणा आणि कधी कधी स्वरही वेगळे असतात, आणि हा घोळ स्पर्धेच्या दिवशी उघड झाला तर त्याला उत्तर नसते. तालवाद्ये तोकडी असलेल्या बँडांनी जुन्या रचनांकडे अवश्य पाहावे. ब्रिटनमधील स्पर्धांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तालवाद्यांना परवानगीच नव्हती, त्यामुळे इंग्रज संगीतकार होल्स्टची १९२८ ची ‘अ मूरसाइड स्वीट’ आणि एल्गारची १९३० ची ‘सेव्हर्न स्वीट’ यांसारख्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी लिहिलेल्या रचना तेथे केवळ पितळी वाद्यांवरच वाजवल्या गेल्या.

अजूनही लहान सुरुवात हवी असेल तर मार्चची, म्हणजे संचलनाच्या तालावरील धूनांची, स्पर्धा भरवावी. इंग्लंडच्या वायव्येकडील सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागात व्हिट फ्रायडेच्या (पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारच्या) दिवशी बँड गावोगाव फिरतात, एक मार्च रस्त्याने चालत वाजवतात आणि दुसरा ठरलेल्या जागी उभे राहून, आणि परीक्षक पडदे लावलेल्या खोलीत किंवा कॅरॅव्हॅनमध्ये बसून केवळ ऐकतो. एका बँडचे काम काही मिनिटांत आटोपते, भाड्याच्या सभागृहाची गरज पडत नाही आणि स्पर्धेच्या वातावरणाची ओळखही होते.

आता वादकसंख्या आणि नोंदणी. प्रमाण ताफ्यात २५ पितळी वाद्ये असतात: एक सोप्रानो कॉर्नेट (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखे लहान वाद्य), नऊ कॉर्नेट, एक फ्ल्यूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन आणि चार बेस (सर्वांत खोल आवाजाच्या ट्यूबा), तालवादक वेगळे. हा साचा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन ग्लॅडनी, एडविन स्विफ्ट आणि अलेक्झांडर ओवेन या वाद्यवृंद-संचालकांच्या यशस्वी बँडांमुळे रुळला असे मानले जाते. पूर्ण संख्या नसलेल्या बँडांना येऊ द्यायचे असेल, आणि पहिल्या वर्षी ते द्यावेच, तर एका वाद्याचा पार्ट (त्याच्यासाठी लिहिलेले स्वर) दुसऱ्या वाद्यावर वाजवण्याची मुभा कितपत आहे हे नियमात लिहावे. व्यवहारात ही अदलाबदल सोपी असते, कारण बेस ट्रॉम्बोन सोडला तर सर्व पितळी वाद्यांचे पार्ट ट्रेबल क्लेफ या एकाच स्वरलेखन-पद्धतीत लिहिलेले असतात आणि कॉर्नेटवाला टेनर हॉर्न हाती घेऊनही तीच बोटे वापरतो. नेमका हाच सोयीचा भाग वादाचाही असतो: फ्ल्यूगलचा अवघड एकल तुकडा पहिल्या कॉर्नेटने वाजवून दिला तर चालेल का? माझ्या मते एकल तुकडा लिहिलेल्या वाद्यावरच वाजला पाहिजे, बाकी भरणा कोणीही करावा.

उसने वादक हा सर्वांत नाजूक विषय आहे. कोणत्याही हौशी बँडमध्ये आयत्या वेळी कोणी आजारी पडतो, कोणाला सुट्टी मिळत नाही, आणि मग शेजारच्या बँडचा तगडा वादक मदतीला येतो. मदत आणि भरती यांतील सीमारेषा कागदावर असावी: वादकांची यादी अमुक तारखेपर्यंत द्यावी, त्यानंतर ठरावीक संख्येपर्यंतच बदली वादक घेता येतील, एका गटात एक वादक एकाच बँडकडून वाजवेल, आणि मंचावर जाण्यापूर्वी छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची तपासणी होईल. संचालक बाहेरून आणण्याला मात्र बंदी घालू नये. कायमच्या बँडमास्तराने महिनोन्महिने तयारी करून घ्यायची आणि अखेरच्या तालमींना व्यावसायिक संचालकाने येऊन सूत्रे हाती घ्यायची, ही प्रथा स्पर्धेइतकीच जुनी आहे आणि त्यातून बँड पुष्कळ शिकतो.

परीक्षकांना पडद्याआड बसवावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काही देशांत ते उघड्यावर बसतात आणि त्याचे समर्थनही चांगले केले जाते: संचालकाचा हावभाव आणि वादकांची देहबोली हाही सादरीकरणाचा भाग आहे, असा तो युक्तिवाद. पण जिथे सर्वजण एकमेकांना ओळखतात अशा लहान वर्तुळात पडद्याचा खरा लाभ परीक्षकालाच होतो, कारण निकालानंतर कोणी त्याच्या निष्पक्षपणावर बोट ठेवू शकत नाही. मात्र पडदा केवळ कापडाचा असून चालत नाही. बँडचे नाव न घेता फक्त क्रमांक पुकारावा, संचालकाने मंचावरून बोलू नये, प्रेक्षकांनी नाव घेऊन आरोळ्या ठोकू नयेत, परीक्षकांचे फोन सकाळीच जमा व्हावेत आणि त्यांची जेवणाची व स्वच्छतागृहाची वाट वादकांच्या वाटेला छेदू नये. पुढचा बँड ऐकण्यास तयार असल्याची खूण म्हणून परीक्षकांनी आतून शिट्टी वाजवण्याची जुनी पद्धत आहे, आणि तिच्यापेक्षा बरी युक्ती मला अद्याप दिसलेली नाही. परीक्षकाने त्या वर्षात कोणत्याही सहभागी बँडला शिकवलेले नसावे आणि सादर होणारी एखादी रचना किंवा तिची मांडणी त्याची स्वतःची नसावी, एवढे लेखी घ्यावे.

तीन परीक्षक असतील तर गुणांची सरळ बेरीज करू नये. समजा, दोघांनी सर्व बँडांना ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवले आणि तिसऱ्याने ७० ते ९८ असा हात सैल सोडला, तर निकाल प्रत्यक्षात त्या एकट्याचाच लागतो. त्यापेक्षा प्रत्येकाच्या गुणांवरून क्रम काढावा आणि क्रमांची बेरीज करावी. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. बरोबरी झाल्यास कोणाचा क्रम निर्णायक धरायचा, हेही आधीच लिहून ठेवावे.

वेळापत्रक आखताना आयोजक हमखास कमी वेळ धरतात. १२ मिनिटांची रचना, मंच बदलायला आठ मिनिटे आणि परीक्षकांना शेरे लिहायला चार मिनिटे, म्हणजे एका बँडमागे २४ मिनिटे. बारा बँडांना पावणेपाच तासांहून अधिक, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. मंच बदलण्याचा वेळ वाचवायचा असेल तर जड तालवाद्ये सर्वांसाठी सामाईक ठेवावीत आणि टिंपनी या सुरात लावलेल्या नगाऱ्यांची संख्या, झायलोफोन, घंटा, मोठा ढोल यांची नेमकी यादी आधी पाठवावी, म्हणजे काड्या आणि लहान वाद्ये तेवढी बँड स्वतः आणतील. खुर्च्या बिनहाताच्या असाव्यात. युफोनियम आणि बेस मांडीवर घेऊन हातांच्या खुर्चीत बसता येत नाही. सोडत सर्व प्रतिनिधींसमोर काढावी. पहिला क्रमांक कोणालाच नको असतो, म्हणून दूरच्या बँडांना उशिराचे क्रमांक देण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्यांची अडचण खरी असेल तर दोन टप्प्यांची सोडत ठेवावी आणि दुसऱ्या टप्प्यात कोण हे आधीच जाहीर करावे.

वाजवणाऱ्यांच्या दृष्टीने त्या दिवशीचा सर्वांत मोठा शत्रू तापमान असतो. हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि वाद्याचा सूर त्यानुसार चढतो. कॉर्नेट फुंकीने लवकर गरम होतो, पण बेसच्या लांब नळ्या उशिरा गरम होतात आणि विरामात पुन्हा थंड पडतात. गरम खोलीत सूर जुळवून थंड मार्गिकेत पंधरा मिनिटे ताटकळलेला बँड मंचावर पहिल्याच संथ स्वरसंगतीत उघडा पडतो. म्हणून आयोजकाने सरावाची खोली, थांबण्याची जागा आणि मंच यांच्या तापमानात फार फरक पडू देऊ नये; वादकांनी थांबलेल्या वेळेत आवाज न काढता वाद्यात गरम हवा फुंकत राहावे. सरावाची खोली इतकी दूर हवी की तेथील आवाज सभागृहात पोचणार नाही, पण इतकीही दूर नको की बेसवाले धापा टाकत येतील.

स्वतःच्या तयारीबद्दल थोडे लिहितो, कारण इथे नवे बँड चुकीच्या जागी घाम गाळतात. रचना निवडताना बँडच्या सर्वोत्तम वादकाकडे न पाहता तिसऱ्या कॉर्नेटकडे आणि दुसऱ्या बॅरिटोनकडे पाहावे. परीक्षक शेरे लिहितात ते बहुधा मधल्या स्वरांच्या धूसरपणावर, वेगवान तानांवर क्वचितच. अखेरच्या दोन आठवड्यांत नवे काही शिकवू नये. त्याऐवजी प्रत्येक तालमीची सुरुवात, ओठ पुरते तयार होण्याआधीच, रचना अथपासून इतिपर्यंत न थांबता वाजवून करावी, कारण मंचावर दुसरी संधी मिळत नाही आणि चुकलेल्या जागेवरून पुढे जाण्याची सवय निराळी लावावी लागते. शक्य असेल तर एक तालीम मोठ्या सभागृहात घ्यावी आणि एका विश्वासू कानाला शेवटच्या रांगेत बसवावे. लहान खोलीत भव्य वाटणारा गजर मोठ्या जागेत नुसता कर्कश होतो, आणि खोलीत ऐकू येणारे हळुवार स्वर तिथे विरून जातात. स्पर्धेच्या सकाळी संपूर्ण रचना वाजवण्याचा हट्ट धरू नये. वीस मिनिटे लांब स्वर, एखादे संथ भजन आणि रचनेतील दोन अवघड प्रवेश एवढे पुरे. ओठांची ताकद दिवसाला मोजकीच असते, आणि ती सरावाच्या खोलीत खर्च केलेले सोप्रानोवादक शेवटच्या पानावर ओळखू येतात.

निकालाबाबत तीन कलमे आवश्यक आहेत. तक्रार केवळ नियमभंगाची घेता येईल, परीक्षकाच्या सांगीतिक मताविरुद्ध नाही. ती शेवटचा बँड वाजल्यापासून अर्ध्या तासात लेखी आणि अनामत रकमेसह द्यावी. आणि ही मुदत संपल्याखेरीज निकाल जाहीर होणार नाही. बक्षीस दिल्यावर ते परत मागण्याची वेळ आली तर पुढच्या वर्षी स्पर्धा भरणे कठीण. परीक्षकांचे लेखी शेरे त्याच संध्याकाळी प्रत्येक बँडच्या हाती द्यावेत. ते वाचताना मात्र गुणांकडे आणि विशेषणांकडे दुर्लक्ष करून, दोन किंवा तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवले आहे का तेवढे शोधावे. एकाने लिहिले असेल तर ती आवड असू शकते. तिघांनी लिहिले असेल तर पुढच्या तालमीला स्कोअर त्याच पानावर उघडावा.