वाचक विचारतात : जुन्या डिझेल गाडीला जादा फिल्टर

प्रश्न : लांबच्या प्रवासासाठी जुनी डिझेल व्हॅन घेतली आहे. यांत्रिक एफआय पंपाची (इंजिनात डिझेल दाबाने फवारणारा पंप) आहे, कॉमन रेल (संगणकाच्या ताब्यातली नवी पद्धत) नाही. वाटेत मिळेल तिथे डिझेल भरावे लागते, म्हणून मूळ फिल्टरच्या जोडीला आणखी एक बसवायचा आहे. तो कुठे बसवावा? २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घेतला तर उत्तमच ना?

उत्तर : बसवा टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये. २ मायक्रॉनचा मात्र घेऊ नका. फीड पंप टाकीतून डिझेल ओढतो, आणि त्याची ढकलण्याची ताकद बरी असली तरी ओढण्याची बेताचीच असते. ओढीच्या बाजूला बारीक जाळी आली की पंप उपाशी राहतो आणि चढावर गाडी दम टाकते. थंडीत डिझेलमधले मेण धरू लागले की तीच जाळी सर्वांत आधी तुंबते. इथे ३० मायक्रॉनचा, खाली बाऊल (पाणी साचणारी वाटी) आणि ड्रेन कॉक (ते काढायची तोटी) असलेला वॉटर सेपरेटर, म्हणजे पाणी वेगळे करणारा फिल्टर हवा. बारीक गाळणे मूळ फिल्टरवरच सोडा.

खरा फायदा पाणी अडवण्यात आहे. रोटरी प्रकारच्या एफआय पंपाच्या आतल्या भागांना डिझेल हेच वंगण. डिझेल दाबणाऱ्या प्लंजरभोवतीची (दांड्याभोवतीची) फट जेमतेम काही मायक्रॉनची असते. तिथे पाणी पोचले की गंज आणि ओरखडे आलेच.

काही गाड्यांना वेगळा फीड पंप नसतोच; एफआय पंपाच्या आतला व्हेन पंपच मूळ फिल्टरमधून डिझेल ओढतो. अशा गाडीत दोन्ही फिल्टर ओढीच्या बाजूला येतात, तेव्हा जादा फिल्टर गरजेपेक्षा मोठाच घ्या. क्षमता ॲव्हरेजवरून ठरवायची नसते. इंजिन जाळते त्याहून बरेच जास्त डिझेल पंपातून फिरून रिटर्न लाइनने टाकीत परत जाते. फिल्टरचा तासाला लिटरचा आकडा पंपाच्या एकूण पुरवठ्याशी जुळला पाहिजे.

आता जोडणी. शक्यतो लोखंडी पाइप कापू नका. जिथे मुळातच होजचा जोड आहे तिथेच फिल्टर घ्या. कापणे भागच असेल तर पाइप कटर वापरा. हॅकसॉचा कीस थेट फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. कापलेल्या टोकाला कडा उचलून घ्या, म्हणजे होज सरकत नाही. होजचा आतला व्यास मूळ पाइपाइतकाच ठेवा. मूळ ८ मिमी असेल आणि फिल्टरच्या निपलला (होज चढतो त्या नळीला) ६ मिमीचे भोक असेल, तर निपल बदला. क्लिप गोल पकडणारी, फ्युएल लाइनची. खाचांची रुंद क्लिप होजला कापते आणि एका बाजूला फट ठेवते. आट्यांवर टेफ्लॉन टेप नकोच. तिचे तंतू सुटून पंपात जातात. चपट्या बैठकीला नवा तांब्याचा वॉशर, निमुळत्या आट्यांना डिझेल सोसणारे द्रव सीलंट.

फिल्टर चासीच्या आतल्या अंगाला, उभा आणि बाणाची दिशा पाहून लावा. सायलेन्सरपासून लांब, चाकाने उडणारे खडे लागणार नाहीत असा, आणि ड्रेनखाली बरणी धरता येईल इतकी जागा सोडून. पारदर्शक बाऊल पाहायला छान, पण इंजिनच्या उष्णतेजवळ धातूचाच बाऊल हवा.

प्रश्न : असाच फिल्टर बसवून घेतला. आता सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक. खाली थेंबही गळत नाही.

उत्तर : गळत नाही म्हणून जोड घट्ट आहे असे समजू नका. ओढीच्या बाजूची फट डिझेल बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते आणि सकाळी पंपाला हवाच मिळते.

फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक डिझेल होज तात्पुरता लावा आणि इंजिन चालू ठेवून पाहा. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडून द्या. अखंड माळ दिसली तर हवा मागून येते आहे. मग बाऊलचा ओ-रिंग (रबरी कडे) काढून पाहा. जुना ओ-रिंग खाचेत चिकटून राहतो आणि त्यावर नवा बसतो, हे फार वेळा घडते. त्यानंतर ड्रेन कॉक, मग निपल. तरीही सापडेना तर उभ्या गाडीत स्वच्छ कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल द्या. माळ थांबली तर दोष कॅनच्या जागी जो भाग होता त्यात.

दुरुस्तीनंतर हवा काढण्याचा क्रम चुकवू नका. फिल्टर स्वच्छ डिझेलने भरा, पण बाहेरच्या बाजूच्या भोकांतून. मधल्या भोकातून ओतलेले न गाळताच पुढे जाते. हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा पंप) मारत आधी मूळ फिल्टरचा ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू), मग एफआय पंपाचा, फेस थांबेपर्यंत उघडा ठेवा. तरी इंजिन घेत नसेल तर नोझलकडचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडाकडचे) पाइप नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारा, पण एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नाही. डिझेलच्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका. तो कातडीत शिरतो.

प्रश्न : मोठ्या चढावर गाडी ओढेनाशी होते. पाच मिनिटे थांबलो की पुन्हा नीट. नवा फिल्टर काढून टाकावा का?

उत्तर : आधी टाकीचे झाकण सैल करून तोच चढ चढा. फरक पडला तर टाकीचा श्वास (हवा आत घेणारे छिद्र) बंद आहे, फिल्टर निर्दोष. फरक नसेल तर टाकीतल्या पिकअपची (डिझेल ओढणाऱ्या नळीची) जाळी पाहा. जुन्या टाकीतला गंज आणि पाण्याच्या थरावर वाढणारा काळा चिकट शेवाळासारखा गाळ तिथेच साचतो. तो गाळ दिसला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय कितीही फिल्टर बदला, आठवड्यात पुन्हा तुंबतील.

फिल्टर आणि फीड पंप यांच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्यूम गेज (ओढ किती बसते ते दाखवणारा काटा) कायमचा बसवला तर हा अंदाजाचा खेळच संपतो. नवा फिल्टर असताना चढावरचा आकडा लिहून ठेवा. तो वाढत चालला की फिल्टर बदलायची वेळ.

प्रश्न : मोटरसायकलचा छोटा पारदर्शक फिल्टर लाइनमध्ये टाकला तर?

उत्तर : नको. पाणी अडवत नाही, प्रवाह पुरत नाही.

प्रश्न : ड्रेन उघडला तरी पाणी खाली येत नाही. कॉक तुंबला आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ओढीच्या बाजूला वरून हवा मिळाल्याशिवाय खाली काही पडत नाही. इंजिन बंद करून फिल्टरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करा, मग कॉक उघडा. पाणी संपून निखळ डिझेल दिसले की आधी कॉक बंद. मग प्रायमर मारा; वरून डिझेल आले की स्क्रू घट्ट करा.